बरोबररावांचं मत

खुर्चीत बसलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही, हा बरोबररावांच्या धंद्यातला पहिला नियम होता. दुसऱ्या नियमाची त्यांना कधी गरजच पडली नाही. समोरचा माणूस डोळे मिटून, मान मागे टाकून निवांत बसलाय, त्याच्या गळ्यावर आपला वस्तरा आहे, अशा वेळी त्याला 'तुमचं चुकतंय' म्हणणं शोभत नाही, हे वडिलांनी त्यांच्या हातात कात्री देण्याच्या आधीच शिकवलं होतं. त्यामुळे गिऱ्हाईक म्हणालं की यंदा उन्हाळा कडक आहे, तर बरोबरराव म्हणत, "बरोबर आहे तुमचं." पुढचं गिऱ्हाईक म्हणालं की छे, गेल्या वर्षीचा कडक होता, तर तेही बरोबर. खरं नाव काय ते आता बँकेलाच ठाऊक असेल. बायकोसुद्धा रागावली की "अहो बरोबरराव" अशीच हाक मारायची.

दुकान छोटं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, बाकड्यावर पेपर आणि जुनी मासिकं. दारातून डावीकडे पाहिलं की वीजकेंद्राची धुराडी दिसत आणि उजवीकडे पाहिलं की टेकडी. कोळशाची काजळी गावात सगळीकडेच होती, पण बरोबररावांना ती जवळून भेटे. कुणाचं डोकं धुतलं की बेसिनमध्ये आधी काळं पाणी उतरायचं, मग पांढरा फेस. टॉवेल कितीही उकळले तरी राखाडीच राहत. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. तक्रार म्हणजे मत झालं, आणि मत ठेवायला दुकानात जागा नव्हती.

मत होतं ते त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, आणि भरपूर होतं. धाकटी त्यांच्याहून पुष्कळच लहान. आईवडील लवकर गेले, तेव्हा बरोबररावांनीच तिला वाढवलं. रोज सकाळी तिच्या दोन वेण्या घालायचे, इतक्या घट्ट की पोरीच्या भुवया दिवसभर वर चढलेल्या असत. कात्रीवर हात बसावा म्हणून त्यांनी पहिला बॉबकट तिचाच केला होता. तो एका बाजूला इतका चढला की शाळेत तिला आठवडाभर डोक्याला रुमाल बांधून जावं लागलं. पण तिने कुणाला दादाचं नाव सांगितलं नाही. अशी ती धाकटी आता नगरसेविका झाली होती, आणि तिला टेकडीवर पवनचक्क्या हव्या होत्या.

तिला एकटीला हव्या असून भागत नव्हतं. गावाच्या जाहीर सभेने होकार दिला तर टेकडीवर पवनचक्क्या येणार, मग वीजकेंद्र टप्प्याटप्प्याने बंद होणार, तिथल्या कामगारांना नवं काम शिकवणार, असा तो ठराव होता. नगराध्यक्ष वारा पाहून पाठ फिरवणारा गृहस्थ. तो धाकटीला म्हणाला, "लोकांना हवं असेल तर मी तुमच्या पुढे उभा आहे. नको असेल, तर मी आधीपासूनच विरोधात होतो." म्हणजे लोकांना काय हवंय, यावर सगळं येऊन थांबलं. आणि लोकांना काय हवंय हे कळायला धाकटीजवळ एक हुकमी जागा होती.

दर सोमवारी दुकान बंद असे. त्या दिवशी ती दादाकडे जेवायला यायची आणि पहिला घास तोंडात जायच्या आत विचारायची, "दादा, लोक काय म्हणतात?"

"लोक विरोधात आहेत गं," बरोबरराव सांगायचे.

"सगळे?"

"जो बसतो तो तेच बोलतो."

वहिनी पानात वाढता वाढता म्हणायची, "अर्धं गाव तर तुमच्या खुर्चीत बसतच नाही. बायकांना कोण विचारतंय?" पण वहिनीला मध्येच तोंड घालायची सवय आहे, असं समजून दोघं भावंडं तिच्याकडे काणाडोळा करत. धाकटीचा घास मात्र दर सोमवारी लहान होत चालला होता.

बरोबरराव खोटं बोलत नव्हते. कानावर येत होतं तेच सांगत होते. पण ते कानावर कसं येत होतं, ते ऐका.

सकाळी दुकान उघडलं की पहिले यायचे बॉयलरकाका. वीजकेंद्रात उभी हयात बॉयलरवर काढून निवृत्त झालेले. तिथल्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय लागलेली, ती घरी आल्यावरही सुटली नाही. काकी गेल्यापासून तर बोलायला माणूस असा नव्हताच. दाढी रोज करण्याइतकी वाढायची नाही, तरी ते रोज यायचे. "पवनचक्क्या म्हणे! अरे, वारा काय यांच्या बापाचा नोकर आहे? आला तर आला, नाही तर नाही. बॉयलर कसा, कोळसा टाकला की तुझ्या हुकमात!"

"बरोबर आहे काका तुमचं."

काका समाधानाने गालाला तुरटी लावून घ्यायचे. मग यायचे मास्तर. शाळेत गणित शिकवत आणि गावच्या साप्ताहिकात बातम्या लिहीत. फेस लावून घेता घेता ते चाचपून बघत, "काय, काय म्हणतंय गाव त्या टेकडीबद्दल?" बरोबरराव ताज्या माहितीवर सांगत, "विरोध आहे म्हणतात." मास्तरांना स्वतःला पवनचक्क्यांबद्दल बरंच चांगलं वाटत असे. पण गावाच्या उलट बोलून उगीच दोन पालकांशी वाकडं कशाला घ्या? ते म्हणत, "हो, विरोध तर होणारच. घाईच आहे ती." "बरोबर आहे तुमचं." की झाले दोन विरोधक! तिसऱ्याला बरोबरराव सांगत, "मास्तरसुद्धा हेच म्हणत होते." तिसरा म्हणे, मास्तर म्हणतात म्हणजे असेल. शुक्रवारी साप्ताहिकात मथळा येई, 'पवनचक्क्यांना गावाचा वाढता विरोध', आणि तो अंक येऊन पडे बरोबररावांच्याच बाकड्यावर. एका तोंडाचं दहा तोंडी झालं, आणि दहाही जण मनातल्या मनात म्हणत होते, आपल्याला तसं काही वाईट वाटत नाही, पण आपण एकटेच.

ऐकावं जनाचं आणि करावं मनाचं, असं म्हणतात. इथे जनच एकमेकांचं ऐकत बसलं होतं, आणि मनाचं विचारायला कुणाला फुरसत नव्हती.

सभेच्या आदल्या सोमवारी धाकटी जेवायला आली, पण तिने विचारलंच नाही. भात चिवडत म्हणाली, "दादा, मी ठराव मागे घेतेय. शनिवारी सभेत मीच उभी राहून सांगेन. नगराध्यक्ष म्हणाले, हरून पडण्यापेक्षा आपणहून मागे घेतलेला बरा. एकदा मागे घेतला की पुन्हा आणता येणार नाही. पण लोकांनाच नकोय तर मी कोण?" एवढं बोलून ती हात धुवायला उठली आणि बराच वेळ नळ चालू राहिला. बरोबररावांना सगळं कळत होतं. लहानपणीही ती रडायची असली की पाणी सोडूनच रडायची.

शनिवारी दुपारी सभा. धाकटी एवढ्या लोकांसमोर मान खाली घालणार, निदान आपण तरी नीटनेटकं दिसावं, म्हणून सकाळी बरोबरराव केस कापून घ्यायला निघाले. केस कापणाऱ्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत, ही या धंद्यातली जुनी गंमत. गावाच्या पलीकडच्या टोकाला उस्तादचं दुकान होतं. दोघं एकाच माणसाच्या हाताखाली शिकलेले, म्हणजे बरोबररावांच्या वडिलांच्या. दोघं एकमेकांचे केस कापत आणि पैशाचं नाव काढत नसत.

उस्तादने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, मान हलकेच पुढे वाकवली, मशीन चालू केलं. मानेवर तो गार स्पर्श झाला आणि बरोबररावांचे डोळे आपोआप मिटले. काय सुख असतं ते! तोंड चालवावंसं वाटत नाही. समोरचा बोलेल त्याला हो म्हणावं आणि पडून राहावं.

"आज सभा ना?" उस्ताद म्हणाला. "पडणार ठराव. सगळं गाव विरोधात आहे."

"बरोबर आहे," बरोबरराव म्हणाले.

म्हणाले आणि त्यांचे डोळे उघडले. समोरच्या आरशात एक माणूस गळ्यापर्यंत कापड गुंडाळून बसला होता, आणि त्या माणसाला पवनचक्क्या हव्या होत्या. हे त्यांना आत्ताच कळलं असं नाही. पण आपल्याला हव्या असून आपण नको म्हणालो, आणि तेही कुणी न विचारता, हे मात्र त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

"उस्ताद, थांब जरा. सगळं गाव विरोधात आहे, हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? जो येतो तो सांगतो."

"त्यांना कोणी सांगितलं?"

"अरे लेका, तूच की!" उस्ताद हसला. "तुझ्याकडे सगळे तसंच बोलतात म्हणे. आता तूसुद्धा तेच म्हणालास. घरचा माणूस विरोधात, मग बाकीच्यांचं काय?"

कापडाखाली हात चोळत बरोबररावांनी विचारलं, "आणि तुला? तुला स्वतःला काय वाटतं?"

उस्तादचं मशीन थांबलं. त्याने दाराकडे एक नजर टाकली आणि वाकून त्यांच्या कानाशी आला. "मला हव्यात रे. पोरगी सारखी खोकते. पण कुणाला बोलू नकोस, धंदा आहे."

अर्ध्या डोक्याचे केस कापलेले आणि अर्ध्याचे तसेच, अशा अवतारात बरोबरराव कापड झटकून उठले. उस्ताद मागून ओरडत राहिला, "अरे, दुसरी बाजू!" पण ते थेट धाकटीच्या घरी पोचले. ती साडीला पिना लावत होती. दादाचं डोकं पाहून तिला हसू फुटलं. पण तो सांगू लागला तसतसं ते मावळत गेलं. त्याने काही लपवलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही वेळच नव्हती.

"म्हणजे इतके महिने," ती म्हणाली, "मी तुला विचारत होते लोक काय म्हणतात, आणि लोक म्हणत होते ते तूच त्यांना सांगत होतास?"

"बरोबर आहे तुझं."

"दादा, ते बरोबर बंद कर आधी!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारची खिडकी उघडली. "अरे, रात्र रात्र झोप नव्हती मला. लोकांना नको ते मी लोकांवर लादतेय, असं वाटायचं. आणि आता तू येऊन सांगतोस की लोकांना हवंय. कशावरून? एक उस्ताद बोलला म्हणून? काल नको होतं, आज हवंय! तुझ्या खुर्चीवर विश्वास ठेवून एकदा तोंडघशी पडले, ते पुरे झालं." मग थोडं थांबून, जरा खालच्या आवाजात, "तुला स्वतःला काय हवंय?"

"मला पवनचक्क्या हव्यात."

"का?"

"तुला हव्यात म्हणून."

"हेही बरोबर म्हणणंच झालं!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि आता ती हसतही होती. "तुझं सांग दादा. तुझं स्वतःचं."

बरोबरराव विचारात पडले. हा प्रश्न त्यांना जन्मात कुणी विचारला नव्हता. काजळीचं सांगावं, तर ते खरं होतं. उस्तादच्या पोरीच्या खोकल्याचं सांगावं, तर तेही खरं होतं. पण ती दुसऱ्यांची कारणं वाटली. "एकदा लग्नाला गेलो होतो ना आपण, बसमधून दिसल्या होत्या," ते अडखळत म्हणाले. "सगळ्या ओळीने. एक फिरत होती, एक जरा थांबलेली, एक अगदी हळू. मला बघतच राहावंसं वाटलं. आपल्या दारातून असं काही दिसावं असं वाटतं मला. एवढंच. त्यात अक्कल काही नाही."

धाकटीने त्यांचं अर्धवट केस कापलेलं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि आपल्या कपाळाला टेकवलं. "हे सभेत सांगशील?"

"मी? उभं राहून? माझी सगळी गिऱ्हाइकं असतील तिथे."

"म्हणूनच. मी सांगून कोण ऐकणार? मला हव्यात हे सगळ्यांना माहीतच आहे. तू बोललास तर मी ठराव मागे घेणार नाही. नाही बोललास तर घेईन, आणि तुला काही बोलणार नाही. पुढच्या सोमवारी जेवायला येईनच."

ते शेवटचं वाक्य त्यांना सगळ्यात जड गेलं.

शाळेच्या सभागृहात बसायला जागा नव्हती. बरोबररावांनी टोपी घातली होती. पुढच्या रांगेत बॉयलरकाका, इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही हात काठीवर ठेवून. नगराध्यक्षांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "गावाच्या भावना आपल्याला ठाऊक आहेतच. बाई दोन शब्द बोलतील." धाकटी उभी राहिली. तिने एकदा मागे पाहिलं.

बरोबररावांच्या पाचावर धारण बसली होती. ते उठले. उठले ते काय बोलायचं हे न ठरवता. समोर जिकडे पाहावं तिकडे ओळखीची डोकी. कुणाच्या कानामागे तीळ, कुणाला भोवरा कुठे, हे पाठ असलेली. "मला पवनचक्क्या हव्यात," ते म्हणाले.

कुणीतरी हसलं, कारण बरोबररावांना काही हवं असतं हीच बातमी होती.

"मी तुम्हाला सगळ्यांना बरोबर म्हणालो. काकांना म्हणालो, मास्तरांना म्हणालो. आणि मग काकांचं मास्तरांना सांगितलं आणि मास्तरांचं तुम्हाला. गाव विरोधात आहे असं जे म्हणतात ना, ते गाव नव्हतं, मीच होतो. चुकलं माझं. आता तुमचं तुम्ही सांगा. नको असेल तर नको सांगा. माझं एवढंच आहे, मला हव्यात."

काकांची काठी जमिनीवर आपटली. "रोज सकाळी माझ्या तोंडावर बरोबर म्हणतोस! आणि इथे येऊन हे?"

"हो काका," बरोबरराव म्हणाले, आणि पुढे काही सुचलं नाही म्हणून बसले. टोपी काढून हातात धरली होती, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. मागच्या रांगेतून त्यांच्या त्या डोक्याकडे पाहून खसखस पिकली आणि हवा जरा सैल झाली. धाकटी ठराव वाचू लागली. मागे घ्यायला नाही, मांडायला.

हात वर करायची वेळ आली तेव्हा पहिला हात वहिनीचा होता. तिच्याभोवती बसलेल्या बायकांचे हात तिच्या पाठोपाठ असे वर गेले, जणू त्या केव्हाच्या वाटच पाहत होत्या. मग उस्तादचा. मास्तरांनी आधी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि आपण एकटे नाही हे गणित सुटल्यावर सावकाश वर केला. प्रत्येकजण हात वर करून शेजाऱ्याकडे बघत होता, आणि शेजाऱ्याचाही वर आहे म्हणून चकित होत होता. विरोधात हात कमी नव्हते. वीजकेंद्रातल्या माणसांचे होते, त्यांच्या घरच्यांचे होते, आणि सगळ्यांत ताठ होता तो काकांचा. पण ठराव मंजूर झाला. नगराध्यक्षांनी लगेच सांगून टाकलं की ते आधीपासूनच बाजूने होते.

धाकटी दादापाशी आली, त्यांचा दंड घट्ट धरला आणि धरूनच उभी राहिली. एवढा आनंद त्यांना तिच्या निवडणुकीच्या दिवशीही झाला नव्हता. तरी त्यांची नजर दाराकडे होती. काका कुणाशी न बोलता काठी टेकत निघून चालले होते.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. त्याच्या पुढेही नाहीत. दुकान चालूच होतं, उलट लोक मुद्दाम येऊन "मग, आज काय मत?" म्हणून छेडत होते. पण सकाळची पहिली खुर्ची रिकामी असे. बरोबरराव ती पुसत, पुन्हा पुसत.

मग एका सकाळी दार ढकलून काका आत आले. दाढीचे खुंट वाढलेले. नेहमीच्या खुर्चीत बसले. बरोबररावांनी कापड बांधलं, फेस केला, ब्रश फिरवला. वस्तरा उघडला तेव्हा काकांनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

"मी अजून विरोधातच आहे."

बरोबररावांच्या तोंडाशी सवयीचा शब्द आलाच होता. त्यांनी तो गिळला. "माहीत आहे काका. मला नाही पटत तुमचं."

"वारा पडला की काय करशील?"

"ते मला सांगता येणार नाही. पण तुम्हाला तरी कुठे माहीत आहे, पुढे काय काय निघेल ते?"

काकांच्या गालावरचा फेस वाळू लागला. मग त्या मोठ्या आवाजाच्या माणसाचा आवाज एकदम लहान झाला. "घरी बोलायला कोणी नाही रे. इथे येऊन बोलायचो. तू बरोबर म्हणायचास, वाटायचं, कोणीतरी ऐकतंय. म्हणजे इतके दिवस मी एकटाच बडबडत होतो."

बरोबररावांना एकदम भरून आलं. धाकटीला फसवलं ते त्यांना कळलं होतं. या माणसालाही फसवलं होतं, रोज सकाळी, अगदी गोड बोलून, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी वस्तरा मिटून ठेवला, बाकड्याजवळचं स्टूल ओढलं आणि काकांच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसले.

"सांगा काका. बॉयलरचं पहिल्यापासून सांगा. जिथे पटणार नाही तिथे मी अडवेन."

"अडव," काका म्हणाले. वाळल्या फेसानिशी त्यांनी बोट उगारलं, आणि आवाज पुन्हा पहिल्यासारखा चढला. "पण आधी माझं पुरतं ऐकून घे!"

बाकड्यावरच्या गिऱ्हाइकांना त्या दिवशी बराच वेळ ताटकळावं लागलं.